पर्थ ते लंडन, चौतीस सेंटिमीटर

बाबांनी चाळीस वर्षं सर्व्हेयर म्हणून काढली. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही प्रवासाचा पहिला प्रश्न ‘अंतर किती?’ हा असतो, आणि उत्तर मिळालं की लगेच दुसरा: ‘कोणत्या वाटेने?’ मार्च २०२३ मध्ये आम्ही दोघं पर्थला ताईकडे होतो. तिथून लंडनला अक्काकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे जायचं होतं. अक्का बाबांची थोरली बहीण, ऐंशी उलटलेली. नऊ वर्षांत दोघांची भेट नव्हती. अपरात्री मधेच उतरून दुसरं विमान गाठायची धावपळ बाबांना झेपली नसती, म्हणून कुठेही न थांबणारं विमान घेतलं. तिकिटं ताईने काढली.

सोमवार, २० मार्च : पर्थ

सकाळी चहा होतो न होतो तोच बाबांनी भाचीच्या टेबलावरचा पृथ्वीगोल उचलून आणला आणि ताईकडे शिवणाचा दोरा मागितला. दोऱ्याचं एक टोक पर्थवर, दुसरं लंडनवर. दोरा ताणला की तो आपोआप सगळ्यांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. मग तो फूटपट्टीवर धरला: ३४ सेंटिमीटर. गोलाचा परीघ ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर. बाबांनी पाठकोऱ्या कागदावर त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं १४,४६८. भाचीने फोनवर पाहिलं, तिथे १४,५०० च्या आसपासचा आकडा होता. शिवणाच्या दोऱ्याने चौदा हजारांत तीसेक किलोमीटरचा फरक! बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

पण मला चकित केलं ते दोऱ्याच्या वाटेने. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर पर्थ-लंडन रेषा भारताला स्पर्शही न करता खालून समुद्रावरून निघून जाते. गोलावरचा दोरा मात्र श्रीलंका आणि तामिळनाडूच्या मधून वर आला, कोइम्बतूरच्या आसपासून गेला आणि कारवारच्या बाजूला समुद्रात उतरला. बाबांनी दोऱ्याची घडी घालून मध्य काढला. तो पडला अरबी समुद्रात, रत्नागिरी-दापोलीच्या किनाऱ्यासमोर, किनाऱ्यापासून फार तर दीडेकशे किलोमीटरवर. ऑस्ट्रेलियाच्या टोकाचं एक शहर आणि इंग्लंडची राजधानी, आणि दोघांच्या बरोबर मधोमध आपलं कोकण! मी तो दोरा तीनदा ताणून पाहिला.

दुपारनंतर ताईने किंग्ज पार्कमध्ये नेलं. शहराला लागून चारशे हेक्टरांची टेकडी, खाली स्वान नदीचं रुंद पात्र. हवा तिशीत, पण कोरडी. तिथे एक जाडजूड बुंध्याचं बाओबाब उभं आहे. हे झाड २००८ साली याच राज्याच्या उत्तर भागातून मोठ्या ट्रकवर आडवं घालून ३,२०० किलोमीटर आणलं आणि इथे लावलं. एका राज्याच्या आत ३,२०० किलोमीटर! पर्थहून सिडनी जितकी लांब आहे त्यापेक्षा जाकार्ता जवळ पडतं, हे मला ताईने तिथेच सांगितलं.

अंधार पडेपर्यंत आम्ही टेकडीवरच बसलो. खाली दिवे लागले. २० फेब्रुवारी १९६२ च्या रात्री जॉन ग्लेन यानातून पृथ्वीप्रदक्षिणा करत होते तेव्हा पर्थच्या लोकांनी त्यांच्यासाठी घराघरांतले दिवे चालू ठेवले होते. ते त्यांना वरून दिसले. तेव्हापासून पर्थ म्हणजे ‘दिव्यांचं शहर’. ग्लेन यांची एक प्रदक्षिणा सुमारे दीड तासाची होती. बाबा म्हणाले, “म्हणजे त्यांना इथून लंडन अर्धा-पाऊण तासावर.”

मंगळवार, २१ मार्च : फ्रीमँटल

पर्थच्या मध्यवर्ती स्टेशनवरून लोकल ट्रेनने अर्ध्या तासात फ्रीमँटल. बंदराच्या तोंडाशी ‘राउंड हाउस’ ही १८३१ ची दगडी इमारत आहे, एके काळचा तुरुंग. तिच्यामागे काठीवर एक मोठा गोळा बसवलेला असतो आणि शेजारी तोफ. रोज दुपारी बरोबर एक वाजता तोफ उडते आणि गोळा खाली पडतो. पूर्वी बंदरातली जहाजं हे बघून आपली घड्याळं लावून घेत.

तोफेजवळ एक स्वयंसेवक आजोबा होते. बाबांनी त्यांना विचारलं, “तुमच्याकडे सूर्य खरा डोक्यावर कधी येतो?” आजोबांना प्रश्न फार आवडला. पर्थचं घड्याळ १२० अंश रेखांशाचं, ग्रीनिचच्या आठ तास पुढचं. पण गाव ११६ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य घड्याळाच्या पंधरा-सतरा मिनिटं मागे, आणि मार्चमध्ये आणखी थोडा मागे. दोघांनी मिळून हिशेब केला: आज मध्यान्ह साधारण बारा चोवीसला. एकाला पाच कमी असताना त्यांनी बाबांना तोफेच्या अगदी जवळ उभं केलं. आवाजाने माझं काळीज हललं, बाबा मात्र हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

दुपारी कोळ्यांच्या बोटींच्या धक्क्यावर तळलेला मासा आणि बटाट्याचे काप खाल्ले. तीनच्या सुमारास समुद्रावरून गार वारा सुटला. उन्हाळ्यात दुपारी येणाऱ्या या वाऱ्याला इथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, कारण तो आला की तापलेलं गाव बरं होतं. आला की नाव पटतं.

परतताना ताईने स्वान नदीच्या काठाने, क्रॉलीच्या बाजूने गाडी घेतली. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशी हवाई संपर्क तुटला, तेव्हा १९४३ पासून दोन वर्षं याच पाण्यावरून कॅटालिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं श्रीलंकेतल्या कोग्गलाकडे उडत. साडेपाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, वेळ २७ ते ३३ तास. जपानी विमानांच्या भीतीने रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. इंधनाचं वजन इतकं की प्रवासी जास्तीत जास्त तीन. एका उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून त्यांना ‘डबल सनराइज’ म्हणत. अशी २७१ उड्डाणं झाली. नदीवर तेव्हा फक्त एक लहान पोरगा होडी वल्हवत होता. बाबा गाडीतून उतरले आणि पाण्याजवळ जाऊन बराच वेळ उभे राहिले.

बुधवार, २२ मार्च : पाडवा आणि उड्डाण

पाडव्याचा दिवस. ताईने बाल्कनीत गुढी उभारली, दुपारी पुरी-श्रीखंड झालं, आणि संध्याकाळी विमानतळ.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. आम्ही गेलो तेव्हा लंडनचं थेट विमान टर्मिनल ३ वरून सुटत होतं आणि इतर बहुतेक परदेशी विमानं टर्मिनल १ वरून. दोन्ही इमारती धावपट्टीच्या दोन बाजूंना आहेत, चालत जाता येत नाही. तिकिटावरचा टर्मिनल नंबर घरून निघण्याआधीच बघावा. वयस्क माणूस बरोबर असेल तर पॅसेजच्या बाजूची सीट आधीच राखून ठेवावी आणि पायांत दाब देणारे मोजे घालावेत. बाबांना डॉक्टरांनी ते मुद्दाम सांगितले होते. रक्त पातळ होण्याच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर कोणती गोळी किती तासांनी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून कागदावर तासांत लिहून घ्यावं. ‘सकाळी’, ‘रात्री’ या शब्दांना त्या विमानात अर्थ उरत नाही.

विमान बोइंग ७८७-९, माणसं २३६. ही पर्थ-लंडन सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली आणि पहिलं विमान २५ तारखेला पहाटे लंडनला उतरलं. त्याआधी या दोन खंडांना जोडणारं थेट प्रवासी विमान नव्हतं. १९४७ मध्ये सिडनीहून लंडनची ‘कांगारू रूट’ सेवा सुरू झाली तेव्हा २९ प्रवाशांना चार दिवस लागले होते. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे सहा थांबे घेत.

सूर्य साडेसहाच्या आतच मावळला होता. सात वीसला चाकं जमिनीवरून सुटली. बाबांनी वहीत वेळ लिहिली.

तीच रात्र : हवेत

हा भाग मी सावकाश लिहिणार आहे, कारण अशी रात्र मी आयुष्यात पाहिली नव्हती.

पर्थला सूर्य मावळल्यावर आम्ही पश्चिमेकडे निघालो, म्हणजे रात्रीच्याच बरोबरीने. लंडनला सूर्य उगवणार सकाळी सहाच्या जरा आधी. मधल्या आठ तासांच्या फरकासकट हिशेब केला तर एका सूर्यास्तापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत आमच्या वाट्याला साडेएकोणीस तासांची रात्र आली. कॅटालिनातल्या माणसांनी एका प्रवासात दोन सूर्योदय पाहिले, आणि आम्ही सूर्य न पाहता पृथ्वीचा एक तृतीयांशाहून जास्त परीघ ओलांडला.

माझ्या शेजारी सत्तर वर्षांच्या एक बाई होत्या, नातवाला पहिल्यांदा बघायला निघालेल्या. १९६२ साली, नऊ वर्षांच्या असताना, त्या साउदॅम्प्टनहून फ्रीमँटलला बोटीने आल्या होत्या. त्या काळी ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती म्हणून ब्रिटनमधून येणाऱ्या मोठ्या माणसाला फक्त दहा पौंड भाडं, मुलांना फुकट. बोटीला जवळजवळ चार आठवडे लागले. “माझी आई रोज रात्री डेकवर जाऊन रडायची,” त्या म्हणाल्या. “तिला वाटायचं, आता परत जाणं होणार नाही. आणि नाहीच झालं.” मी काही बोलू शकले नाही. त्यांनीच पर्समधून नातवाचा फोटो काढून दाखवला.

समोरच्या पडद्यावरच्या नकाशात आमचं विमान दोऱ्याच्या वाटेवरून जात नव्हतं. ते आणखी पश्चिमेला, मालदीवच्या बाजूने निघालं होतं. मधे पाय मोकळे करायला मागच्या पॅन्ट्रीजवळ गेलो तेव्हा बाबांनी तिथल्या कर्मचारी मुलीला कारण विचारलं. तिने नीट समजावलं: वाट रोज नव्याने आखतात. मध्य अक्षांशांवर उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लंडनला जाताना ते तोंडावर येतात, म्हणून ते जिथे सौम्य असतील तिथून जायचं. थोडं जास्त अंतर कापून वेळ आणि इंधन वाचतं. शिवाय कुठल्या देशाचं आकाश त्या आठवड्यात टाळायचं आहे तेही बघतात. बाबा जागेवर येऊन म्हणाले, “जमिनीवर अंतर ठरलेलं असतं. इथे रोजचं अंतर वेगळं.” हे वाक्य त्यांनी वहीत लिहिलं.

सगळ्यांत जड गेले ते नववा ते तेरावा तास. झोप होऊन गेलेली असते, बाहेर काळोख तसाच असतो आणि अजून खूप उरलेलं असतं. त्या वेळेसाठी काहीतरी राखून ठेवावं. आम्ही ताईने दिलेला चिवडा आणि पत्त्यांचा कॅट ठेवला होता. दर दीड तासाने उठून एक फेरी मारली, पाणी सारखं प्यायलो. या विमानात आतल्या हवेचा दाब सुमारे सहा हजार फूट उंचीइतका ठेवतात, जुन्या विमानांत आठ हजारांपर्यंत असे. उतरल्यावर डोकं जड झालं नाही ते बहुधा त्यामुळेच.

गुरुवार, २३ मार्च : लंडन

पहाटे चार बावन्नला चाकं टेकली. सतरा तास बत्तीस मिनिटं. बाहेर पाऊस. विमान धावपट्टीवरून इमारतीकडे सरकत होतं आणि बाबा मनगटाकडे बघत होते. त्यांनी घड्याळ बदललं नव्हतं.

“एक वाजला,” ते म्हणाले. “फ्रीमँटलला आत्ता तोफ उडाली.”

अक्का ग्रीनिचजवळ राहते. दारातच उभी होती, शाल गुंडाळून. बाबांनी वाकून नमस्कार केला आणि ती त्यांचं डोकं छातीशी धरून नुसती थोपटत राहिली. “किती बारीक झालास रे,” एवढंच म्हणाली. मी सामान घेऊन जिन्यात थांबले.

आठच्या सुमारास तिने टेबलावर वरण-भात, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं मांडलं. मी म्हटलं, “आत्या, सकाळी सकाळी?” तर म्हणते, “तुमच्या पोटात दुपारचे चार वाजलेत. कालपासून नीट जेवला नाहीत.” तिचं अगदी बरोबर होतं. आम्ही दोनदा भात घेतला.

वेळेच्या फरकाबद्दल: पश्चिमेकडे जाताना शरीर लवकर जुळवून घेतं, कारण आपलं आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि दिवस लांबवणं त्याला सोपं जातं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागं राहायचं, एवढं एकच पथ्य पाळलं. बाबा साडेसातला झोपले आणि पहाटे तीनला टक्क जागे झाले. अक्काही तीनलाच उठली होती. मी उठले तेव्हा दोघं स्वयंपाकघरात लहानपणच्या विहिरीबद्दल बोलत बसली होती.

शुक्रवार, २४ मार्च : सायन्स म्युझियम

प्रवेश फुकट, विमानांचं दालन तिसऱ्या मजल्यावर. तिथे १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक ओलांडलं ते विकर्स विमी विमान ठेवलेलं होतं. लाकूड, तारा, कापड. त्याच वर्षी अशाच जातीच्या दुसऱ्या विमानातून रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिकांसह हाउन्स्लोहून निघाले आणि २८ दिवसांनी डार्विनला पोहोचले. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला झालेलं ते पहिलं उड्डाण. हाउन्स्लो म्हणजे आज ज्या हीथ्रोवर आपण उतरतो, त्याच्या शेजारचाच भाग. वैमानिकाची बसायची जागा उघडी, डोक्यावर काही नाही. बाबांनी मला विचारलं, “यात २८ दिवस?” आणि मग त्याच्याभोवती दोनदा फिरून आले.

शनिवारी दिवसभर पाऊस होता. घरीच बसलो.

रविवार, २६ मार्च : ग्रीनिच

मार्चचा शेवटचा रविवार. ब्रिटनमध्ये या दिवशी पहाटे एक वाजता घड्याळं एक तास पुढे जातात. फोन आपोआप बदलले, स्वयंपाकघरातलं घड्याळ बाबांनी स्टुलावर चढून बदललं. पर्थ मात्र जागच्या जागी. पश्चिम ऑस्ट्रेलियाने चार वेळा सार्वमत घेऊन उन्हाळी वेळ नाकारली आहे, शेवटचं २००९ मध्ये. काल दोन्ही शहरांत आठ तासांचं अंतर होतं, आज सात. याच आठवड्यात विमान असेल तर उतरण्याची स्थानिक वेळ आणि पुढची ट्रेन दोन्ही पुन्हा तपासून घ्यावं.

वेधशाळेच्या टेकडीला चढ आहे, अक्का खालच्या बाकावर थांबली. वर फाटकापाशी १८५२ सालचं शेफर्ड घड्याळ आहे, तबकडीवर बारा नाही तर चोवीस आकडे. ते उन्हाळ्यातही ग्रीनिच वेळच दाखवतं, म्हणून आज ते सगळ्यांच्या फोनच्या एक तास मागे होतं. चार-पाच जण गोंधळून आपापल्या फोनकडे बघत होते. बाबांनी प्रत्येकाला समजावून सांगितलं.

आत जॉन हॅरिसन यांची सागरी घड्याळं आहेत. पहिली तीन मोठी, आजही चालू. चौथं, १७५९ चं, तळहाताएवढं. जमैकाच्या चाचणी प्रवासात त्यात फक्त पाच सेकंदांची चूक आली. समुद्रावर आपण कुठे आहोत हे ज्याने पहिल्यांदा खात्रीने सांगितलं, ते हे एवढंसं घड्याळ. बाबा काचेसमोरून हलेनात.

अंगणात शून्य रेखांशाची पट्टी आहे. फोनवर मात्र शून्य तिथे येत नाही. पूर्वेला सुमारे १०२ मीटर चालावं लागतं. कारण बाबांनी सांगितलं: ही पट्टी जिच्यावरून ठरली ती जुनी दुर्बीण त्या जागच्या ओळंब्याने लावलेली. जमिनीखालच्या वस्तुमानामुळे ओळंबा किंचित कलतो, पृथ्वीच्या बरोबर मध्याकडे बघत नाही. उपग्रह मात्र पृथ्वीच्या मध्यावरून मोजतात. तिकीट काढूनच आत सोडतात आणि पट्टीपाशी फोटोची रांग लागते. सकाळी दरवाजा उघडताच गेलात तर मोकळं मिळेल.

वेधशाळेच्या छतावर लाल गोळा आहे, १८३३ पासूनचा. एकाला पाच कमी असताना तो काठीवर अर्धा चढला, दोन कमी असताना टोकाला गेला. एक वाजता पडला. इथे तोफ नाही. शेफर्ड घड्याळात बारा वाजले होते आणि बाबांच्या मनगटावर रात्रीचे आठ. मी ताईला फोन लावला. ती जेवायला वाढत होती. “पडला का गोळा?” तिने विचारलं.

बाबा महिनाभर अक्काकडे राहिले, मी बुधवारी एकटीच पर्थला परतले. त्या दिशेने वारा पाठीशी होता. उतरल्यावर सामान यायच्या आधी बाबांचा फोन आला, लंडनला पहाटेचे साडेचार वाजले असताना.

“किती?”

“सोळा तास नऊ मिनिटं.”

“थांब, लिहितो,” ते म्हणाले, आणि मागून अक्काने त्यांना पेन दिल्याचा आवाज आला.